एका यमकाचा हिशेब

पेठेतील कोणत्याही दुकानात तासभर बसले, तर काही इंग्रजी शब्द इतक्या वेळा कानी पडतात की ते इंग्रजी आहेत याचाच विसर पडतो. ‘त्यांच्या अकाउंटला लिहा’, ‘अमाउंट किती झाली?’, ‘डिस्काउंट काय देणार?’, ‘पैसे काउंटरवर द्या’. दुकानदाराचा सारा दिवस या शब्दांच्या आधाराने जातो. त्यांचा अर्थ मात्र त्याने कधी कोणाला विचारलेला नसतो. रोज हातातून जाणाऱ्या नाण्यावरची अक्षरे कोणी वाचत बसत नाही, तसेच हे.

फलटणच्या एका कापड दुकानदाराच्या घरी ही अक्षरे वाचण्याचा योग आला, तो नातीच्या गृहपाठामुळे. दुकानदार आता दुकानात दोनच तास बसतात. गल्ला मुलाच्या हाती आहे. फलटण संस्थान मुंबई प्रांतात विलीन झाले त्याच 1948 साली त्यांचा जन्म. शिक्षण सातवीपर्यंत. इंग्रजी आले ते पेठेत ऐकून आणि मिलच्या ठाणांवरील चिठ्ठ्या वाचून. नात इंग्रजी माध्यमाच्या शाळेत आठवीत शिकते. भाद्रपदात, दशलक्षण पर्वाला नुकताच आरंभ झाला असताना, तिच्या बाईंनी वर्गाला सांगितले, की शेवटी ‘आउंट’ असा उच्चार येणारे किमान दहा शब्द गोळा करा. प्रत्येकाचा अर्थ, त्याचे मूळ आणि एक वाक्य लिहून आणा. मुलीने शाळेच्या ग्रंथालयातून शब्दांची मुळे सांगणारा जाड कोश आणला आणि सायंकाळी मंदिरातून परतल्यावर ती आजोबांच्या शेजारी गादीवर येऊन बसली.

“आजोबा, यातले निम्मे शब्द तर आपल्याच दुकानात आहेत,” ती म्हणाली.

“मग तू अर्थ वाच, वाक्ये मी पुरवतो,” आजोबा म्हणाले.

पहिला शब्द होता ‘काउंट’, म्हणजे मोजणे. कोशाने त्याचे घराणे लॅटिनपर्यंत नेले होते. लॅटिनमध्ये ‘पुतारे’ असे एक क्रियापद आहे. त्याचा जुना अर्थ छाटणे, साफ करणे. शेतकरी वेलीच्या वाढलेल्या फांद्या छाटून वेल मोकळी करतो, ते ‘पुतारे’. पुढे त्याच शब्दाला हिशेब साफ करणे, देण्याघेण्याचा निवाडा करणे, मनाशी ठरवणे असे अर्थ आले. त्याला ‘सह’ अर्थाचा उपसर्ग लागून ‘कोम्पुतारे’ झाले. त्या शब्दाची एक शाखा पुढे ‘कॉम्प्युटर’ झाली आणि दुसरी फ्रेंचमधून झिजत झिजत ‘काउंट’ बनून इंग्लंडात पोहोचली. ज्या फळीवर नाणी मोजली जात ती ‘काउंटर’. शस्त्रक्रियेत अवयव कापून काढण्याला जो इंग्रजी शब्द आहे, त्यातही हेच ‘पुतारे’ आहे.

आजोबांना हे पटले. द्राक्षबागेची छाटणी त्यांनी पाहिली होती आणि वर्षअखेरीचा ताळेबंद स्वतः केला होता. दोन्हींत नको ते काढून टाकल्याखेरीज हाती काय उरले ते दिसत नाही.

मग ‘अकाउंट’ आणि ‘रिकाउंट’ हे शब्द आले, आणि येथे मुलगी अडखळली. ‘रिकाउंट’चा एक अर्थ फेरमोजणी; निवडणुकीच्या बातम्यांत तो येतो. दुसरा अर्थ मात्र घडलेले सविस्तर सांगणे. ‘अकाउंट’चेही तसेच. एक अर्थ हिशेब, खाते. दुसरा अर्थ वृत्तांत, हकिकत. मोजणे आणि सांगणे यांचा संबंध काय?

कोशात उत्तर होते. जुन्या फ्रेंचमध्ये एकच क्रियापद दोन्ही कामे करीत असे. पुढे लेखनात ते दोन झाले, एक मोजण्यासाठी आणि एक गोष्ट सांगण्यासाठी. उच्चार आजही सारखाच आहे. इंग्रजांच्या स्वतःच्या जुन्या शब्दांतही हेच दिसते. ‘टेल’ म्हणजे सांगणे, पण जुन्या काळी त्याचा अर्थ मोजणे असाही होता. म्हणून बँकेत नोटा मोजून देणारा तो ‘टेलर’. हे ऐकून आजोबा मोकळेपणाने हसले. बँकेच्या खिडकीवर ‘टेलर’ ही पाटी त्यांनी प्रथम पाहिली तेव्हा, येथे शिंप्याचे काय काम, असा प्रश्न त्यांना पडला होता. कापडाच्या व्यापाऱ्याला दुसरे काय सुचणार?

आपल्याकडे हे नाते अधिकच उघड आहे. ‘संख्या’ हा शब्द संस्कृतातील ‘ख्या’ या धातूपासून झाला आणि ‘आख्यान’, ‘व्याख्यान’ हेही त्याच धातूपासून. ‘ख्या’ म्हणजे सांगणे, प्रकट करणे. ज्याची संख्या करता येते त्याचे आख्यानही असते. खतावणीतील प्रत्येक आकड्यामागे कोणी येऊन गेलेले असते: मुलीच्या लग्नाचा बस्ता बांधणारा, सुगीनंतर देण्याच्या बोलीवर धोतरजोडी नेणारा, उधारी चुकवून समाधानाने पाणी पिऊन जाणारा. आजोबांना जुन्या खात्यांतील आकडे आठवत नसत, माणसे आठवत.

“म्हणजे अकाउंट देणे म्हणजे नुसता आकडा सांगणे नव्हे,” मुलीने वहीत लिहिता लिहिता विचारले, “तो आकडा कसा झाला, ते सांगणे?”

“त्यालाच आपण जबाब म्हणतो,” आजोबा म्हणाले. “जबाबदार हा शब्द काय उगाच आहे? ज्याने जबाब द्यायचा तो जबाबदार.”

दुसऱ्या सायंकाळी यमक तेच राहिले, पण घराणे बदलले. ‘माउंट’ म्हणजे पर्वत, लॅटिनमध्ये ‘मोन्स’. ‘सरमाउंट’ म्हणजे वरून पार होणे, अडचण ओलांडणे. ‘पॅरामाउंट’ म्हणजे सर्वांच्या वरचा. फलटणच्या माणसाला या शब्दाची ओळख वेगळी करून द्यावी लागत नाही. इंग्रज सरकार संस्थानांच्या संबंधात स्वतःला ‘पॅरामाउंट पॉवर’ म्हणवून घेत असे. त्याच नावाच्या अमेरिकन चित्रपट कंपनीच्या बोधचिन्हात आजही एक डोंगर दिसतो.

‘अमाउंट’ हा शब्द मात्र आश्चर्याचा ठरला. ज्याला पेठ रक्कम म्हणते, त्याचा मूळ अर्थ ‘डोंगराकडे’ असा आहे. जुन्या फ्रेंचमध्ये ‘आ मों’ म्हणजे डोंगराच्या दिशेने, म्हणजेच वर. त्यावरून चढत जाणे, आणि चढत चढत जेथे पोहोचले ती एकूण रक्कम. बेरजेला इंग्रजीत ‘सम’ म्हणतात, त्याचेही मूळ ‘सर्वांत वरचे’ असेच आहे. रोमन लोक आकड्यांची चळत खालून वर मिळवीत जात आणि बेरीज शिरोभागी लिहीत.

“आपले दिवाणजी तसेच करीत,” आजोबा सहज बोलून गेले. “बेरीज वरून खाली करायची आणि पडताळा खालून वर घ्यायचा. बोट वर सरकत जाई, ओठ हलत.”

“कोण दिवाणजी?” मुलीने विचारले.

“होते पूर्वी,” एवढेच बोलून आजोबांनी पुढचा शब्द विचारला.

डोंगरावरून बोलणे अबूवर आले. अबूला इंग्रजांनी ‘माउंट’ जोडले आणि ते कायम राहिले. आजोबा तरुणपणी यात्रेत देलवाड्याला जाऊन आले होते. विमल शाहांनी 1031 मध्ये बांधवलेली विमल वसही आणि वस्तुपाल-तेजपाल या बंधूंची 1230 मधील लूण वसही, या दोन्ही मंदिरांमागे व्यापारी कुळांतील धन आहे. शत्रुंजय असो, गिरनार असो, की सम्मेदशिखर, श्रावकांची रक्कम शतकानुशतके डोंगराकडे निघालेली आहे. ‘अमाउंट’ हा शब्द घडवणाऱ्या फ्रेंच माणसाला याची कल्पना नव्हती. त्याच्या डोळ्यांपुढे केवळ वर चढत जाणारा आकडा होता. तरी पेठेत बसून हा अर्थ वाचणाऱ्याला दोन्ही चढण एकदम दिसल्यावाचून राहत नाहीत.

याच सायंकाळी आणखी एक ‘काउंट’ भेटला. युरोपातील सरदारांना ‘काउंट’ अशी पदवी असे. अलेक्झांडर द्यूमाच्या प्रसिद्ध कादंबरीचा नायक तोच किताब लावतो. दिसायला आणि ऐकायला शब्द अगदी तोच. पण मोजण्याशी त्याचा काही संबंध नाही. लॅटिन ‘कोमेस’ म्हणजे बरोबर चालणारा, सोबती. राजाच्या सोबतीला असणारा तो काउंट, आणि त्याच्या हाताखालचा, बदली म्हणून काम पाहणारा तो ‘व्हायकाउंट’. हिंदुस्थानचे अखेरचे व्हाइसरॉय 1947 च्या मार्चमध्ये दिल्लीत आले तेव्हा ते ‘व्हायकाउंट माउंटबॅटन’ होते. त्यांचे कुलनाम मुळात जर्मन, ‘बॅटनबर्ग’ असे होते. जर्मनीशी युद्ध चालू असताना, 1917 साली, त्या घराण्याने ‘बर्ग’ म्हणजे डोंगर या शब्दाचे भाषांतर करून तो पुढे आणला आणि ‘माउंटबॅटन’ हे नाव घेतले. एका माणसाच्या नावात मुलीला दोन शब्द मिळाले आणि ती खूश झाली. आजोबांच्या मनात मात्र ‘सोबती’ हा अर्थ रेंगाळत राहिला.

‘फाउंट’ म्हणजे झरा, उगम. आजोबांच्या खिशाला लावलेल्या फाउंटनपेनात तो होताच. ते पेन दर रविवारी धुऊन शाई भरण्याचा त्यांचा नेम आहे. ते पुढे करून त्यांनी सांगितले, “हे तुझे वाक्य.”

दहावा शब्द राहिला होता, ‘डिस्काउंट’. तो सर्वांत सोपा वाटला होता. दुकानात दिवाळीपूर्वी त्याच नावाचा कापडी फलक लागतो. जुन्या पेठेत त्याला वटाव म्हणत. मुदतीची हुंडी आधीच पटवायची तर जी कसर कापली जाई तीही वटावच. शब्दाची फोड सरळ आहे. ‘काउंट’च्या आधी वेगळे करणारा ‘डिस’ लागला, म्हणजे हिशेबातून बाजूला काढणे. गिऱ्हाइकाच्या बिलातून इतके रुपये धरायचे नाहीत. पण कोशाने दुसरा अर्थही दिला होता. एखाद्याचे बोलणे किंवा एखादा माणूस ‘डिस्काउंट’ करणे, म्हणजे त्याला जमेस न धरणे.

“याला मराठीत काय म्हणतात?” मुलीने विचारले.

आजोबा थोडा वेळ थांबले. “खिजगणतीत नसणे,” ते म्हणाले.

मुलीने तो शब्द लिहिला, ‘गणती’ला रेघ मारली. दहा शब्द पूर्ण झाले होते. वही मिटता मिटता तिला अकरावा सुचला. “आजोबा, मिसकाउंटही आहे. मोजण्यात झालेली चूक. याचे एक सोपे वाक्य सांगा.”

सोपे वाक्य आले नाही. आजोबा उठले, माळ्यावरील लाकडी पेटी त्यांनी नोकराकडून उतरवून घेतली आणि तिच्यातून लाल कापडी बांधणीची एक जुनी कीर्द काढली. 1984 सालची. एका पानाचा कोपरा दुमडलेला होता आणि तो इतका जुना होता की घडीवर कागद पिवळा पडून तुटू लागला होता.

त्या वर्षी लक्ष्मीपूजनाच्या आदल्या दिवशी ताळा घेताना रोकड दोन हजारांनी कमी भरली. दोन हजार ही त्या काळी दिवाणजींच्या तीन-चार महिन्यांच्या पगाराएवढी रक्कम. दोघांनी तीन रात्री जागून वह्या चाळल्या, तूट सापडली नाही. दिवाणजींवर कोणी चोरीचा आळ घेतला नाही. तसा एक शब्दही उच्चारला गेला नाही. फक्त भाऊबीजेच्या दुसऱ्या दिवशी दुकानदारांनी तिजोरीची किल्ली आपल्याकडे असू द्यावी, असे म्हटले. दिवाणजींनी कमरेची किल्ली सोडून गादीवर ठेवली, नमस्कार केला आणि ते घरी गेले. पुन्हा आले नाहीत. किल्ली का परत घेतली हे पेठेत सांगावे लागले नाही. पेठ ते आपोआप समजली. फलटणच्या दुसऱ्या कोणत्याही पेढीने त्यांना कामावर घेतले नाही. पुढे ते लोणंदला गेल्याचे कानावर आले.

1991 मध्ये दुकानाचा माळा दुरुस्त करताना जुन्या वह्या खाली आल्या. त्या वर्षी धोतरजोडीला काय भाव होता हे पाहावे म्हणून दुकानदारांनी सहज ही कीर्द उघडली. समोर आलेल्या पानावर त्यांचेच अक्षर होते. दिवाणजी तेव्हा हिवतापाने तीन दिवस अंथरुणाला खिळले होते आणि त्या दिवसांची कीर्द मालकांनीच लिहिली होती. नावे बाजूच्या बेरजेत शतकाच्या घरातून दोनचा हातचा यायचा होता. तो धरलाच गेला नव्हता. खर्च दोन हजारांनी कमी दिसला, म्हणून वहीतील शिल्लक दोन हजारांनी फुगली. गल्ल्यात नसलेले पैसे गल्ल्यात शोधले गेले होते. तीन रात्रींच्या तपासणीत हे पान निसटले, कारण मालकांच्या हातची बेरीज पुन्हा करणे दिवाणजींना मर्यादेला सोडून वाटले असेल, आणि मालकांनी ती केली नाही, कारण स्वतःच्या अक्षरातील बेरीज माणूस तपासत नाही, नुसती वाचतो.

दुकानदारांनी त्या दिवशी पानाचा कोपरा दुमडला. दिवाळीनंतर लोणंदला जाऊन येऊ, असे ठरवले. मग लग्नसराई आली. मग वाटले, इतक्या वर्षांनी जखम कशाला उकरायची. मग वडील गेले, मुलाचे लग्न झाले, नात जन्मली. कोपरा दुमडलेलाच राहिला.

हे सारे आजोबांनी नातीला सांगितले. भाव सांगावा तशा सपाट आवाजात, काही न वगळता सांगितले. मुलगी ऐकत होती. तिने एकच विचारले, “मग त्यांना हे कोणीच सांगितले नाही?”

“नाही,” आजोबा म्हणाले.

पर्व संपले. क्षमावाणीच्या दिवशी मंदिरात सारा समाज एकमेकांसमोर हात जोडून उभा राहिला. घरी मुलाने मोबाईलवरून क्षमायाचनेचा संदेश पाठवला: इचलकरंजीचे आणि सुरतेचे व्यापारी, आडते, वाहतूकदार, नातलग, गिऱ्हाइके. चारशेहून अधिक नावे. ‘वर्षभरात कळत नकळत मन दुखावले असल्यास’ या शब्दांचे सुबक चित्र एका क्षणात सगळ्यांना पोहोचले. मुलीने वडिलांचा मोबाईल घेऊन यादी वरपासून खालपर्यंत पाहिली आणि विचारले, “यात दिवाणजींचा नंबर कोणता?”

तो यादीत नव्हता. तो कोणाजवळही नव्हता.

जैन आचारात ‘आलोचना’ असा एक शब्द आहे. आजच्या बोलण्यात त्याचा अर्थ दुसऱ्याच्या दोषांची चर्चा असा घेतला जातो. आचारातील अर्थ नेमका उलट आहे: आपला दोष आपण पाहावा आणि ज्याला सांगायचा त्याच्यासमोर जाऊन, न लपवता सांगावा. प्रतिक्रमण म्हणजे परत फिरणे. जेथून पाऊल चुकले तेथे परत येणे. हे अर्थ आजोबांना लहानपणापासून पाठ होते. दुसऱ्या दिवशी रविवार होता. त्यांनी कीर्द धोतराच्या फडक्यात बांधली, एका पाकिटात काही नोटा घातल्या आणि नातीला सोबत घेऊन ते एसटीने लोणंदला गेले.

कांद्याच्या बाजारात दोन ठिकाणी चौकशी केल्यावर घर सापडले. दिवाणजी सत्त्याऐंशी वर्षांचे झाले होते. ओसरीवर खाटेवर बसले होते. त्यांनी आवाजावरून ओळखले.

“या शेठ,” ते म्हणाले. “बसा. ही कोण, नात का?”

आजोबांनी प्रस्तावना केली नाही. फडके सोडले, वही उघडली, दुमडलेला कोपरा सरळ केला आणि ती त्यांच्या मांडीवर ठेवली. “दिवाणजी, एवढी बेरीज करून पाहता?”

सुनेने चष्मा आणून दिला. दिवाणजींनी पानावर बोट ठेवले. आधी वरून खाली गेले. मग खालून वर. बोट सावकाश सरकत होते, ओठ हलत होते. शतकाच्या घराशी बोट थांबले. त्यांनी ते पुन्हा एकदा केले. ओसरीवर कोणी बोलत नव्हते.

“दोनचा हातचा राहिला आहे,” दिवाणजी म्हणाले. थोड्या वेळाने म्हणाले, “अक्षर माझे नाही.”

“माझे आहे,” आजोबा म्हणाले. “मला हे 1991 सालीच कळले होते. आलो नाही. माझे चुकले, दिवाणजी. क्षमा मागायला आलो आहे.”

दिवाणजींनी चष्मा काढला. राग त्यांच्या चेहऱ्यावर दिसला नाही. खूप चालून आलेल्या माणसाचा थकवा तेवढा दिसला. त्यांनी सांगितले, की लोणंदला कांद्याच्या आडतीवर पट्ट्या लिहिण्याचे काम मिळाले, उपासमार झाली नाही, मुलगा मार्गी लागला. मग म्हणाले, “हिची सासू मात्र शेवटपर्यंत विचारायची, नक्की काय झाले होते म्हणून. तिला सांगण्यासारखे माझ्याजवळ काही नव्हते. ती चार वर्षांपूर्वी गेली.”

आजोबांनी पाकीट पुढे केले. दिवाणजींनी त्याला हात लावला नाही. “शेठ, पैशांचे दुःख नव्हते. तुम्ही किल्ली मागितलीत. हिशेब मागितला नाहीत. मागितला असतात, तर पान न पान तुमच्यासमोर पुन्हा मांडले असते. हे पानसुद्धा.”

या बोलण्याला उत्तर नव्हते आणि आजोबांनी ते देण्याचा प्रयत्नही केला नाही. ते मान खाली घालून ऐकत राहिले. दिवाणजी बराच वेळ बोलले. त्या तीन रात्रींतील प्रत्येक गोष्ट त्यांना आठवत होती: कंदिलाची काच कधी तडकली, चहा किती वेळा आला, कोणत्या वहीची शिवण सुटली होती. चाळीस वर्षे कोणी न विचारलेली हकिकत त्यांनी पहिल्यापासून सांगितली आणि ज्याने ती त्या वेळीच ऐकायची होती त्याने ती ऐकली.

शेवटी त्यांनी वही आजोबांपुढे सरकवली. “दुरुस्ती करा. जुना आकडा खोडू नका. एक रेघ मारून शेजारी लिहा. आजची मिती घाला आणि सही करा.”

आजोबांनी खिशाचे पेन काढले. त्यांच्या हाताला किंचित कंप होता. त्यांनी रेघ मारली, बरोबर बेरीज लिहिली, मिती घातली, सही केली. मग दिवाणजींनी पेन मागून घेतले आणि त्या सहीखाली, पूर्वी प्रत्येक पानाखाली करीत तशी, ‘पडताळले’ असे लिहून स्वतःची सही केली. सुनेला हाक मारून त्यांनी ते पान दाखवले. “नीट वाच,” ते तिला म्हणाले.

परतीच्या एसटीत आजोबा खिडकीशी बसून होते. गेलेले दिवस परत आणता येत नाहीत आणि जिने चार वर्षांपूर्वी डोळे मिटले तिला ते पान आता कोणी दाखवू शकत नाही, हे त्यांना कळत होते. क्षमा मागितल्याने तो भार उतरला नव्हता; तो कोणाचा आहे एवढे निश्चित झाले होते. फलटण जवळ आले तेव्हा ते नातीला म्हणाले, “दिवाळीला वहीपूजनाला त्यांना गाडी पाठवून आणू. ही वहीसुद्धा पूजेत ठेवू.”

रात्री मुलीने गृहपाठाची वही उघडली. अकराव्या शब्दापुढील जागा रिकामी होती. तेथे तिने इंग्रजीत एक साधे वाक्य लिहिले, की एका पानावर दोनचा हातचा राहून गेला. मग पाने मागे उलटून ती ‘अकाउंट’वर आली. तेथे पहिल्या सायंकाळी लिहिलेले दोन अर्थ होते: हिशेब, हकिकत. वाक्याची जागा तिने तेव्हा ‘बँकेत माझे अकाउंट आहे’ असे लिहून भरली होती. ते वाक्य तिने खोडले नाही. एक रेघ मारली आणि शेजारी नवे लिहिले, ज्याचा अर्थ मराठीत असा होतो: ‘त्यांना हिशेब द्यायचा होता, पण तो कोणी मागितला नाही.’

मग तिने खाली मिती घातली आणि वही पडताळ्यासाठी आजोबांपुढे धरली.